बारमाही टोपीचं भौतिकशास्त्र

मे संपत आला की ठाण्यातल्या ट्रेकिंगच्या दुकानांत रेनकोटांशेजारी गोल काठाच्या टोप्या लटकू लागतात. त्यांच्या लेबलावर तीन शब्द हमखास असतात: वॉटरप्रूफ, ब्रीदेबल, ऑल-वेदर. यंदा एका दुकानदाराने वर तोंडी पुस्तीही जोडली, "काका, हीच टोपी लडाखला चालते आणि हीच येऊरला. वर्षभर दुसरी बघायला नको." येऊर म्हणजे ठाण्यालगतचा जंगलाचा डोंगर. टोपी वाईट नव्हती. शिवण नेटकी, काठ रुंद, रंग खाकी. माझा आक्षेप आहे तो त्याच्या वाक्यातल्या दुसऱ्या "हीच"ला.

लेह आणि ठाणे यांच्या हवेत तापमानाचा फरक आहे, हे कुणीही सांगेल. टोपीच्या दृष्टीने त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. हवेत आधीच किती वाफ आहे, यावर टोपीखालच्या डोक्याचं काय होणार ते ठरतं. आपल्या किनारपट्टीवर टोपीला उन्हाशी आणि पावसाशी सामना करावा लागतोच, पण तिची खरी परीक्षा घेतो तो घाम. टोपी निवडताना लोक ऊन बघतात, पाऊस बघतात, घामाचा विचार कुणी करत नाही. लेबल छापणारे तर नाहीच नाही.

तरी सुरुवात उन्हापासून करू, कारण टोपी माणूस आधी उन्हासाठी घेतो.

काठाची सावली चेहऱ्यावर किती खाली येते, हे गणित दहावीच्या त्रिकोणमितीचं आहे. काठाच्या रुंदीला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅन्जंटने गुणायचं. काठ साडेसात सेंटिमीटरचा आणि सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असेल तर सावली १३ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे जवळजवळ हनुवटीपर्यंत. सूर्य ४५ अंशांवर असेल तर साडेसात सेंटिमीटर, म्हणजे नाकाच्या आसपास. ३० अंशांवर जेमतेम चार, म्हणजे डोळे वाचले, गाल भाजले. ऑस्ट्रेलियात उन्हाच्या टोपीचा काठ मोठ्या माणसासाठी किमान साडेसात सेंटिमीटर असावा असं सांगतात, ते उगीच नाही. त्याहून अरुंद काठाच्या टोप्या दिसायला झकास असतात आणि फोटोत बऱ्या दिसतात. क्रिकेटच्या कॅपला पुढे चोच असते, पण कान आणि मान उघडीच.

ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेच्या गच्चीवर बाटल्या उभ्या करून मुलं बघतात तोच हा. जुलैतला बहुधा ढगांत जातो. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि हे सांगितलं की निम्म्या लोकांचा विश्वास बसत नाही. टोपीसाठी याचा अर्थ एवढाच, की एप्रिल ते ऑगस्ट दुपारच्या उन्हाला मध्यम काठही पुरतो. खरी अडचण डिसेंबरची. तेव्हा भर दुपारीसुद्धा सूर्य ५० अंशांपर्यंतही चढत नाही, आणि ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला लोक जातात ते सकाळी किंवा उतरत्या उन्हात. ऐरोलीहून खाडीत बोट निघते ती भरतीच्या वेळेवर, सूर्याच्या सोयीने नाही. तिरप्या उन्हात थोडा लांब काठ लागतो आणि तो मऊ असून चालत नाही. मऊ काठ पुढे डोळ्यांवर लोंबतो, मग दुर्बीण लावायला तो दर वेळी वर करावा लागतो आणि तेवढ्यात पक्षी उडतो.

सावली म्हणजे अतिनील किरणांपासून सुटका, हा मात्र गैरसमज आहे. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात, आणि तरंगलांबी जितकी आखूड तितकं विखुरणं जास्त. किती जास्त? तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ६२० नॅनोमीटरचा नारिंगी-तांबडा प्रकाश एकपट विखुरला तर ३१० नॅनोमीटरचा अतिनील सोळापट विखुरतो. आपल्या डोळ्यांना अतिनील दिसत असतं तर सगळं आकाशच झगझगीत दिसलं असतं आणि सावल्या फिकट. त्वचेला लाल करणाऱ्या अतिनील किरणांचा साधारण निम्मा हिस्सा सूर्याकडून सरळ न येता आकाशभरातून येतो. टोपीचा काठ त्या आकाशाचा वरचा तुकडा झाकतो, बाजूचा नाही. शिवाय जमिनीवरून परतणारा हिस्सा असतोच: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, समुद्राचा फेस २५ टक्के, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. लडाखला बर्फावरून चालताना ऊन खालूनही लागतं ते त्यामुळे. आपल्या खाडीचा चिखल या बाबतीत सज्जन आहे. काठाची खालची बाजू गडद असेल तर खालून आलेला प्रकाश ती गिळते आणि डोळ्यांवरची तिरीप कमी होते. ही छोटी गोष्ट चांगल्या टोपीत आवर्जून केलेली असते.

कापडाचं म्हणाल तर लेबलावर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नासातला एक भाग अतिनील आत येतो. विरळ विणीचं पांढरं सुती कापड यात फारच मागे पडतं, आणि ओलं झालं की आणखी मागे. टोपी हातात घ्या, आतून मोबाइलची बॅटरी लावा. दिवा ठळक ठिपक्यासारखा दिसला तर वीण विरळ आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असल्याने कातडीच्या कर्करोगाची धास्ती गोऱ्यांइतकी नाही. डोळ्यांना तशी सवलत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत जाणारा मांसाचा पातळ पडदा उन्हात राबणाऱ्यांत जास्त आढळतो, आणि मोतीबिंदूशीही अतिनीलचा संबंध आहे. काठ वापरायचा तो मुख्यतः डोळ्यांसाठी.

उन्हाबद्दल माणसांनी काय काय मानलं आहे, ते थोडं सांगतो. इंग्रज अमदानीत अशी समजूत होती की उष्ण कटिबंधाच्या सूर्यात काही खास 'रासायनिक' किरण असतात, ते कवटी आणि पाठीचा कणा भेदून आत शिरतात आणि गोऱ्या माणसाला वेडंपिसं करतात. अमेरिकी लष्करी डॉक्टर चार्ल्स वुडरफ याने १९०५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. साहेब लोक डोक्यावर सोला टोपी आणि पाठीच्या कण्यावर फ्लॅनेलची गादी बांधून हिंडत. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी सैन्याने शिपायांना नारिंगी-लाल अंतर्वस्त्रं घालून प्रयोगही केला, की त्या रंगाने हे किरण अडतात का. फायदा शून्य, उकाडा मात्र वाढला. हसण्याआधी आपल्या खिशातला कांदा आठवावा. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं मला शिकलेल्या माणसांनी सांगितलं आहे. कांदा खिशात राहून शरीराची उष्णता कुठे नेऊन टाकणार, याचा जमाखर्च कुणी देत नाही.

सोला टोपी स्वतः मात्र उत्तम वस्तू होती. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या खोडातला भेंड अतिशय हलका असतो, त्यापासून ती बनायची. तिची आतली पट्टी डोक्याला टेकायची आणि टोपीचा घुमट डोक्यापासून सुटा राही. मधून हवा खेळायची. किरणांची थिअरी चूक, टोपी बरोबर. आणि बरोबर का, तर त्या हवेमुळे. ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग इथून सुरू होतो.

येऊरचा चढ चढताना मध्यम बांध्याच्या माणसाच्या शरीरात चारेकशे वॅट उष्णता तयार होते. घरातल्या चार-पाच सिलिंग फॅनना पुरेल इतकी. बाहेरची हवा कातडीच्या तापमानाच्या जवळ असली की ही उष्णता हवेला नुसती देऊन टाकता येत नाही. उरतो तो घामाचा रस्ता. एक ग्रॅम पाणी कातडीवरून वाफ होऊन उडालं की जाताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातं. चारशे वॅट काढायचे तर तासाला ६०० ग्रॅम घाम उडायला हवा. उडायला. नाकावरून ओघळून जमिनीवर पडलेल्या घामाने काहीच थंडावा मिळत नाही, तो पाणीही घालवतो आणि मीठही.

घाम किती वेगाने उडेल हे तापमानावर ठरतं, असं बहुतेकांना वाटतं. ते ठरतं वाफेच्या दाबांमधल्या फरकावर. ओल्या कातडीला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरात वाफ खच्चून भरलेली असते. कातडी ३५ अंशांवर असेल तर त्या थरातल्या वाफेचा दाब ५.६ किलोपास्कल. बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब यापेक्षा जितका कमी, तितकी वाफ जोरात बाहेर पळते. बाहेरचा दाब काढणं सोपं आहे: त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितका दाब मावतो, त्याला सापेक्ष आर्द्रतेने गुणायचं.

आता गावोगावचे आकडे मांडू. लेहला उन्हाळ्याची दुपार, २५ अंश आणि आर्द्रता ३० टक्के धरली तर बाहेरचा दाब ०.९५, म्हणजे फरक ४.७ किलोपास्कल. नाशिकला मे महिन्यात ३८ अंश आणि २० टक्के धरली तर बाहेरचा दाब १.३, फरक ४.३. म्हणजे अंगाची लाही होत असली तरी घाम झपाट्याने उडतो, शर्ट कोरडा आणि त्यावर मिठाचे पांढरे नकाशे. ठाण्याला मे महिन्यात ३४ अंश आणि ६० टक्के धरली तर बाहेरचा दाब ३.२, फरक २.४. आणि ठाण्यालाच जुलैत २८ अंश, ९० टक्के? बाहेरचा दाब ३.४, फरक २.२.

शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहा. मे आणि जुलै म्हणजे आपल्या लेखी दोन टोकांचे महिने. एकात पाण्यासाठी टँकर, दुसऱ्यात घोडबंदर रोडवर पाणी. घामाच्या दृष्टीने ते जवळजवळ सारखेच. तापमान उतरलं तरी हवेतली वाफ चढलेली राहते, आणि दोन्ही महिन्यांत घामाला मिळणारा उतार लेह-नाशिकच्या निम्माच आहे. मुंबईचा उकाडा नाशिकच्या उन्हापेक्षा नको वाटतो ही काही शहरी माणसाची नाजूक तक्रार नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा चाळिशीला पोचलाही नव्हता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा सौम्य वाटेल. खाडीकाठच्या हवेत तो सौम्य नसतो.

आता या हवेत ती 'वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल' टोपी घालू. तिच्या कापडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ पापुद्रा असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर याने तापवलेली टेफ्लॉनची कांडी हिसका देऊन ताणली आणि ती न तुटता सच्छिद्र होऊन लांबली, तिथून या पापुद्र्यांची कथा सुरू होते. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफेचा सुटा रेणू आरामात पार होतो. कल्पना सुंदर आहे आणि खरीही आहे. मेख अशी, की रेणू पार 'होऊ शकतो' म्हणून पार 'होईल' असं नाही. त्याला बाहेर ढकलणारा तोच तो दाबांमधला फरक आहे. पापुद्रा पंखा नाही, तो फक्त दार उघडं ठेवतो.

लेबलावर आकडा असतो, समजा दहा हजार. म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत दहा हजार ग्रॅम वाफ. टोपीच्या घुमटाचं कापड सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर. हिशेब करा: तासाला २५ ग्रॅम. हा आकडा प्रयोगशाळेतला. तिथल्या काही पद्धतींत कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला वाफ शोषून घेणारं मिठाचं द्रावण ठेवतात, म्हणजे बाहेरची हवा लेहपेक्षाही कोरडी. ठाण्यात निम्म्याचीही खात्री नाही. पावसात टोपीचं वरचं कापड चिंब झालं की त्यावर पाण्याची साय बसते आणि जे काही चाललं होतं तेही मंदावतं. आणि डोकं घाम किती काढतं? एकूण घामाचा दहावा हिस्सा धरला तरी तासाला ६० ग्रॅम. कपाळ तर घामाच्या बाबतीत उदारच. म्हणजे आवक साठ, जावक दहा-बारा. उरलेलं पाणी आतल्या पट्टीत, तिथून भुवयांत, तिथून डोळ्यांत. "वॉटरप्रूफ सांगितली आणि आतून गळते" म्हणून लोक टोपी परत घेऊन जातात. ते पाणी बाहेरचं नसतंच.

मग दुसरा रस्ता बघू. वाफेला कापडातून झिरपवण्याऐवजी दमट हवाच उचलून बाहेर टाकायची आणि नवी आत घ्यायची. डोक्यालगतची ३५ अंशांची तुडुंब हवा घनमीटरला ४० ग्रॅम वाफ वाहते. जुलैतली बाहेरची हवा घनमीटरला साडेचोवीस. म्हणजे दर घनमीटर अदलाबदलीत पंधरा ग्रॅम वाफ बाहेर. पापुद्र्याचा प्रयोगशाळेतला कमाल आकडा, तासाला २५ ग्रॅम, गाठायला तासाला पावणेदोन घनमीटर हवा हवी. सेकंदाला अर्धा लिटर. शांत बसलेला माणूस एका श्वासात घेतो तेवढी.

अर्धा लिटर हवा सेकंदाला आत-बाहेर करायला केवढं भोक लागेल? माणूस चालतो तेव्हा समोरून सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगाने हवा येते. जाळीने अडवून त्यातला पाव मीटर वेग उरला असं धरू. मग २० चौरस सेंटिमीटर जाळी पुरते, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी. तेवढीच दुसऱ्या बाजूला, हवेला बाहेर जायला. बस. अडीच हजार रुपयांच्या टोपीतल्या पापुद्र्याने जे प्रयोगशाळेत केलं, ते चाळीस चौरस सेंटिमीटर जाळी भर पावसाळी हवेत करते. वाऱ्याची झुळूक आली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

इथे टोपीवाल्यांची एक चलाखी पकडता येते. बहुतेक टोप्यांना दोन्ही बाजूंना दोन-दोन पितळी आयलेट, म्हणजे कडी लावलेली बारीक भोकं, असतात आणि लेबलावर 'व्हेंटिलेटेड'. पाच मिलिमीटर व्यासाच्या चार आयलेटांचं एकूण क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटिमीटर. गरज चाळीसची, दिलंय एकाहून कमी. आयलेट म्हणजे नुसती शोभा.

जाळी असूनही घुमट डोक्याला चिकटून बसला तर उपयोग नाही, कारण हवा खेळायला पोकळी हवी. टोपी घालून वरून बोट दाबून पाहा, केसांना लागेपर्यंत बोटभर जागा असावी. कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारूनही बरंच कळतं. हवा सहज गेली तर ती ठाण्याची टोपी. गाल फुगले तर ती लेहची.

इरलं पाहिलंय का? मुरबाड-शहापूरकडे आणि रायगडात भातलावणीला बायका-पुरुष वाकून काम करताना डोक्यावरून पाठीवर घेत, ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. पुढून उघडं, खालून उघडं, पाठीपासून सुटं. पाऊस वरून सरळ घसरतो आणि खालून हवा हिंडते. आता त्याची जागा निळ्या प्लास्टिकने घेतली आहे. स्वस्त आहे, हलकं आहे आणि अंगाला चिकटतं, त्यामुळे लावणी करणारा आतूनही भिजतो. पाच-सहा तास वाकून राबणाऱ्यांनी जे कामट्यांनी सोडवलं होतं, तेच आपण लेबलं वाचून शोधतोय.

"पण मग पावसात डोकं भिजेल." भिजू दे. पावसात डोकं भिजल्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंनी होते, आणि ते आईच्या ओरडण्याला घाबरत नाहीत. २७-२८ अंशांच्या पावसात ओले केस ही फार तर गैरसोय आहे. खारघरच्या टेकडीवर वाऱ्यात तासभर थांबावं लागलं तर हुडहुडी भरू शकते, त्यासाठी पिशवीत कोरडा पंचा ठेवावा. टोपीने पावसात करायचं काम वेगळं: चष्म्यावर आणि डोळ्यांत पाणी येऊ न देणं, आणि मानेवरून कॉलरमध्ये धार न सोडणं. दोन्ही कामं काठाची आहेत, कापडाच्या जलरोधकपणाची नाहीत. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने पडतो. तेवढ्याच वेगाचा वारा असेल तर पाऊस ४५ अंशांत येतो, आणि काठ जितका रुंद तितकाच चेहरा वाचतो. उन्हाचं जे गणित, तेच पावसाचं. भुरभुर पावसाचे थेंब सेकंदाला दोनेक मीटरने रेंगाळत येतात, त्यांना साध्या झुळकेनेही आडवं करता येतं. म्हणून मुसळधार पावसापेक्षा रिमझिम चष्म्याला जास्त सतावते.

कापडावर पाण्याचे मोती व्हावेत म्हणून जे लेपन करतात त्यात वर्षानुवर्षं फ्लोरिनवाली रसायनं वापरली गेली. ती निसर्गात विघटित होत नाहीत, आणि कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क राज्यांनी २०२५ पासून कपड्यांमध्ये त्यांना बंदी केली आहे. मेणाचं लेपन जुनं आणि निरुपद्रवी आहे, पण मेणकापडातून हवा जात नाही आणि मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलं की ते चिकट होतं. आपल्याकडे दोन्हीवाचून अडत नाही.

टिकाऊपणाचं थोडक्यात सांगतो. फेल्ट आणि चामडं आपल्या पावसाळ्यात नको, कपाटातल्या चामड्याच्या चपला ऑगस्टमध्ये कशा दिसतात ते आठवा. गवताच्या टोपीचंही तेच. जाड सुती कॅनव्हास मजबूत असतो, पण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही सूत स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के पाणी धरून बसतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. जुलैत दोरीवर जीन्स आणि जर्सी शेजारी वाळत घाला, हाच फरक दिसेल. सुती टोपी दोन दिवस ओली राहिली की पट्टीवर काळे ठिपके उठतात, ती बुरशी, आणि ते ठिपके जात नाहीत. त्यामुळे पॉलिएस्टर किंवा मिश्र कापड, आणि शिवणीचा दोरा तर पॉलिएस्टरचाच. सुती दोरा आधी कुजतो, मग काठ सुटतो. काठ चुरगाळून सोडून द्या. आतून कागदासारखी करकर ऐकू आली तर पुठ्ठा आहे, पहिल्या पावसात त्याचा लगदा होणार. काठावर गोलगोल शिवणीच्या बऱ्याच रांगा असतील तर तो आकार धरून राहतो.

आणि हनुवटीची दोरी. ताशी ४० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे ७५ न्यूटन दाब देतो. पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या टोपीखाली तो शिरला तर सातशे ग्रॅम वजनाइतका जोर वर लावतो आणि टोपी असते शंभर ग्रॅमची. दोरीशिवाय ती कड्यावरून जाणारच. पण दोरीला झटक्यात सुटणारी क्लिप हवी. लोकलच्या दारात गळ्यात अडकलेली दोरी कुणाच्या बॅगेत गुंतली तर काय होईल, ते सांगायला नको.

या सगळ्यात बसणारी तयार टोपी सापडली नाही, म्हणून मी एक साधी रुंद काठाची पॉलिएस्टरची टोपी घेतली आणि नाक्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्याने ती उलटसुलट केली. "चांगली आहे की. फाडू?" मग दोन्ही कानांच्या वर, पट्टीपासून तीन बोटं सोडून, बारा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद तुकडा कापला, आतून जुन्या क्रीडा-बुटांच्या पिशवीची जाळी लावली आणि वरून त्याच कापडाची झडप शिवली. झडप वरच्या कडेला शिवलेली, खालून मोकळी, जाळीच्या खाली बोटभर उतरणारी, म्हणजे पाऊस वरून घसरतो आणि हवा खालून शिरते. झडप सपाट बसू नये म्हणून मध्ये एक चूण घ्यायला लावली, ती त्याला अजिबात पटली नाही. त्याने सत्तर रुपये घेतले. चूण मात्र राहू द्या, तिच्याशिवाय झडप ओली झाली की जाळीला चिकटते आणि भोक बंद.